अकरावी खेप

आत्याच्या लोणच्याच्या बरणीवरचा दगड मी उचलला तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. वेळ लक्षात आहे, कारण दगड बघितल्यावर मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि आता अर्ध्या तासात तिला काय काय सांगायचं ते मनात ओळीने लावलं. त्यातलं एक अक्षरही त्या दिवशी बोललो नाही.

दगड तळहाताएवढा, लांबट गोल, काळसर, नदीच्या पाण्यात घासून गुळगुळीत झालेला. आमच्या कावेरीच्या मुलखात शेतात दगड सापडत नाही. जमीन सगळी गाळाची. नांगराला खडा लागला तर माणूस औत थांबवून खाली वाकून बघतो.

"हा कुठून आणला?" मी विचारलं.

"आणते कशाला? वाफ्यात सापडला. तळ्याची माती टाकली ना, त्यात आला. चांगला जड आहे. फडक्यावर ठेवलं की मांजर बरणीला हात लावत नाही."

मला तो दगड कसला आहे ते कळलं होतं. तिला कळलं नव्हतं.

मी तंजावुरात एका लहान प्रयोगशाळेत काम करतो. तळी, कालवे, खाड्या यांच्या तळाचा चिखल आणायचा, त्यात कोणते धातू, कोणती रसायनं किती आहेत ते मोजायचं, आणि त्यामुळे तिथल्या जिवांना कितपत धोका आहे ते लिहून द्यायचं. चोवीस वर्षं हेच करतो आहे. पाणी तपासतात हे लोकांना समजतं. चिखल कशाला तपासायचा, असं ते विचारतात. मी सांगतो की पाण्यात सोडलेलं पुष्कळसं खाली जाऊन बसतं. वर पाणी निवळ दिसतं, पोरं पोहतात, म्हशी बसतात. खाली ते वर्षानुवर्षं तसंच असतं. चिखलात लाल किडे असतात, अळ्या असतात, गोगलगायी असतात. त्यांना मासे खातात. माशांना बगळे खातात, आपण खातो.

हिशेबाची रीत सोपी आहे. मोजलेला आकडा घ्यायचा, आणि ज्या पातळीच्या खाली चिखलातल्या जिवांना सहसा काही होत नाही त्या पातळीने त्याला भागायचं. उत्तर एकच्या खाली आलं तर जोखीम कमी. एकच्या वर गेलं तर थांबायचं आणि आणखी तपासायचं.

माझे वडील जमीन मोजणीच्या खात्यात होते. लोखंडी साखळी ओढत त्यांनी अर्धा जिल्हा पायाखाली घातला. पावलं मोजायला मला त्यांनीच शिकवलं. माझी चाळीस पावलं म्हणजे शंभर फूट, यात आजही फारसा फरक पडत नाही. देवनागरी अक्षरंही त्यांनीच गिरवून घेतली. घरात ती वाचणारा आता मी एकटाच आहे. मुलीशी मराठीत बोललो तर ती तमिळमध्ये उत्तर देते. वडिलांचा एक नियम होता: जिथे साखळी पडली नाही तिथला आकडा लिहायचा नाही. लिहायचाच झाला तर शेजारी लिहायचं, "अंदाजे". हा नियम मी आयुष्यात एकदाच मोडला, आणि तोही त्यांच्यासाठीच.

आमचं मूळ गाव तिरुवैयारुच्या पलीकडे, कालव्याच्या काठावर. गावात आता आमचं म्हणायला फक्त आत्या, वडिलांची धाकटी बहीण. यजमान गेले, मुलं नाहीत, एकटी राहते. तिच्या परसापासून पन्नास पावलांवर गावाचं तळं आहे. गेल्या उन्हाळ्यात त्या तळ्यातला गाळ काढायचं ठरलं. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. उन्हाळ्यात तळं आटलं की गाळ उपसतात आणि ज्याला हवा तो शेतात नेऊन पसरतो. त्यासारखं खत नाही, असं जुनी माणसं सांगतात. फक्त आता आधी चिखल तपासून घ्यावा लागतो. काम आमच्या प्रयोगशाळेकडे आलं, आणि माझं गाव म्हणून मीच मागून घेतलं.

त्या दिवशी तळ्यात गुडघाभर पाणी होतं. पाच ठिकाणं मी आधीच नकाशावर मांडली होती: चार कोपरे आणि मध्य. त्यातला नैर्ऋत्येचा कोपरा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण गावाबाहेर सडकेला समया आणि पितळी भांड्यांना झिलई देणाऱ्या तीन शेड होत्या, आणि त्यांचा चर बरोबर त्या कोपऱ्यात उतरत होता. शेड बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. चर कोरडा होता, त्यात एरंड उगवला होता. पण चर कोरडा झाला म्हणून खालचा चिखल बदलत नाही. हे मी नव्या माणसांना शिकवतो.

त्याच कोपऱ्यात दक्षिणेकडच्या पायऱ्या आहेत. गावात कोणी गेलं की दहाव्याचं सगळं तिथे होतं. माझ्या वडिलांचंही तिथेच झालं. माणूस गेल्यावर दहा दिवस ज्या दगडाला तिलांजली देतात, त्याला अश्मा म्हणतात. ते दहा दिवस तो दगड म्हणजेच तो माणूस. दहाव्या दिवशी पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं, खांद्यावरून अश्मा मागे टाकायचा आणि घरी निघायचं. मागे वळून पाहायचं नाही. मी पाहिलं नव्हतं. फक्त आवाज ऐकला होता. त्यानंतर एकोणीस वर्षांत मी त्या पायऱ्यांवर पाय ठेवला नव्हता. आमच्या घरातलं कोणीच कामाशिवाय तिकडे फिरकत नाही.

चिखल काढायचं आमचं साधन म्हणजे दोरीला बांधलेला लोखंडी जबडा. तळाला टेकला की मिटतो, आणि हाताला लागेल ते घेऊन वर येतो. चार ठिकाणचा चिखल काढून झाला. पाचव्या ठिकाणी मी जबडा हातात घेऊन पाण्यात उभा राहिलो. ऊन टाळूवर आलं होतं. मनात एकच गोष्ट आली: हा मिटून वर येईल आणि त्यात वडील असतील.

मी तिथून पूर्वेला बावीस पावलं गेलो आणि तिथे जबडा टाकला. नोंदवहीत लिहिलं, "पाचवा नमुना, नैर्ऋत्य कोपरा". पावलं का मोजली, ते मला सांगता येत नाही. खोटं बोलतानाही सवय सुटली नाही, एवढंच.

पाचही ठिकाणचा चिखल एकाच बादलीत कालवायचा आणि त्यातून एक नमुना घ्यायचा, अशी पद्धत आहे. त्यात चूक काही नाही. पाचही ठिकाणं खरी असली तर. उत्तर आलं ०.८. मी लिहिलं, "जोखीम कमी. गाळ शेतात टाकण्यास हरकत नाही." खाली सही केली. माझी सही वाचता येते. तीही वडिलांचीच शिकवण.

गाळ निघाला तेव्हा मी गावात नव्हतो. धरणाचं पाणी कालव्यांत यायच्या आधी काम उरकायचं होतं, म्हणून पिवळं खोदणारं यंत्र आणलं आणि आठवड्यात तळं साफ केलं. ट्रॅक्टरच्या खेपा घरोघर, शेतोशेत गेल्या. आत्यानेही एक खेप मागून घेतली आणि परसातल्या आठ वाफ्यांत पसरली. तिच्या परसातली कीरै, म्हणजे आमच्याकडची पालेभाजी, गावात नावाजलेली. दर शुक्रवारी बसच्या ड्रायव्हरबरोबर ती आमच्याकडे एक जुडी पाठवायची. माझी बायको डाळीबरोबर घोटून करायची. मुलीला दुसरी कुठली भाजी आवडत नाही, ही आवडते. असे पाच शुक्रवार गेले. मी नंतर मोजले.

सहाव्या आठवड्यात मी सहज म्हणून आत्याकडे गेलो.

"आला का चिखलवैद्य!" दारातच तिने स्वागत केलं. "आधी हात धू. तुझे हात कुठे कुठे बुडतात ते देवाला माहीत."

मग तिने परस दाखवलं. भाजी गुडघ्याएवढी, पानं रुंद, हिरवीगार. "बघ, तुझ्या कागदाची करामत," ती म्हणाली. "यंदा गांडुळं मात्र कुठे गेली कोण जाणे. खुरपं घातलं की दहा दिसायची. आता एक नाही."

याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. तरी मी मनाला समजावलं की ऊन आहे, गांडुळं खोल गेली असतील. मग स्वयंपाकघरात बरणीवरचा दगड दिसला.

त्या तळ्यात दगड फक्त एकाच ठिकाणी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी पाठ करून टाकलेले. म्हणजे आत्याच्या वाफ्यातली माती नैर्ऋत्य कोपऱ्यातली होती.

तिने पान वाढलं. भात, रसम आणि मधोमध कीरै. नको म्हणालो असतो तर का ते सांगावं लागलं असतं. मी खाल्ली. तिने पुन्हा वाढली, तीही खाल्ली. समोर बसून ती स्वतः जेवत होती, भाताच्या निम्मी भाजी घेऊन. निघताना एका पिशवीत वाफ्यातली मूठभर माती घेतली. ती म्हणाली, "आता माझ्या मातीचीही नाडी बघणार का?" मी हसलो.

घरी आलो आणि बायकोला म्हणालो, शुक्रवारची जुडी करू नकोस. तिने का म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं, बावीस पावलांसकट. ती डाळ निवडत होती. हात थांबला नाही.

"आत्यांना सांगितलं?"

"नाही."

"म्हणजे आपल्या घरातली थांबवली, त्यांची चालू ठेवली."

एवढंच बोलली. डाळीतला खडा काढून तिने ताटाच्या कडेला ठेवला. त्या वेळी मला कोणताही खडा बघवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गेलो. आत्या परसात पाणी घालत होती. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली, म्हणजे मध्येच बसायला मिळू नये. चर कुठला, शेड कसल्या, मी कुठे जबडा टाकायला हवा होता आणि कुठे टाकला. ती ऐकत राहिली. कळशी रिकामी झाली तरी तिने ती तिरकीच धरली होती.

"दादाच्या दगडामुळे?" तिने विचारलं.

"होय."

"दादा असता तर मुस्काटात मारली असती तुझ्या. आणि मग स्वतः साखळी घेऊन त्या कोपऱ्यात उतरला असता."

"होय."

"होय, होय काय करतोस? मी गेले सहा आठवडे दोन्ही वेळा हेच खाते आहे. मरते की काय मी?"

मी तिला खरं तेच सांगितलं. सहा आठवड्यांत बहुधा काही होत नाही. पण बहुधा म्हणजे किती, ते मला माहीत नाही. माझं शास्त्र चिखलातल्या अळ्यांचं आहे, माणसांचं नाही. तिचं रक्त आणि लघवी तपासून घ्यायला डॉक्टरकडे नेतो म्हणालो.

"अळ्यांचं कळतं आणि आत्याचं कळत नाही," ती म्हणाली. "छान शिकलास."

मग ती आत गेली आणि तो दगड घेऊन आली. दोन्ही हातांत धरला होता.

"मग हा?"

"कोणाचा ते कळायला मार्ग नाही."

तिने दगड खाली तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला, अगदी हळू, झोपलेल्या मुलाला ठेवावं तसा. "कोणाचा तरी बाप दीड महिना माझ्या लोणच्यावर राखणीला बसलाय," ती म्हणाली, "आणि मी त्याला एक दिवस नमस्कार केला नाही." तिला हसू आलं. हसता हसता ती पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावला. ते हसूच होतं की आणखी काही, हे मी तिला विचारलं नाही.

त्याच दिवशी आम्ही दोघांनी आठही वाफे उपटले. भाजी आणि वरची वीतभर माती पोत्यांत भरली. तेवीस पोती झाली. आत्या प्रत्येक पोत्याचं तोंड शिवताना म्हणायची, "किती हिरवी होती रे."

प्रयोगशाळेत आमच्या प्रमुख बाई माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत. त्यांना नोंदवही दाखवून मी म्हणालो की पाचवा नमुना मी खोटा लिहिला आहे. "सार, तुम्ही?" त्या म्हणाल्या. "तुम्ही तर कपाटातल्या बाटल्यासुद्धा दोनदा मोजता." कारण विचारलं तेव्हा मी तेही सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाल्या, "माझ्या गावी असा कोपरा असता ना, तर मीही तिथे जबडा टाकला नसता. पण मी तसं लिहिलं असतं." हे मला बोलून दाखवलेल्या रागापेक्षा जास्त लागलं. एक ओळ लिहायची होती: "कोपऱ्यात श्रद्धेच्या कारणाने नमुना घेतला नाही." कोणी विचारलंही नसतं. दुसऱ्या कोणाला पाठवून तिथला चिखल आणला असता. इतकं सोपं होतं.

चार दिवसांनी मी त्या कोपऱ्यात उतरलो. यंत्राने तिथे खोल खड्डा केला होता, पण पायऱ्यांच्या बुडाशी जुन्या चिखलाची कड उरली होती. जबडा मिटला, वर आला. त्यात दगड नव्हता. किडाही नव्हता, गोगलगाय नव्हती, गोगलगायीचं रिकामं कवचही नव्हतं. चांगल्या चिखलाला वास असतो, कुजकट पण जिवंत. याला नुसता ओल्या लोखंडासारखा वास होता.

उत्तर आलं नऊ. तो चिखल पहिल्या बादलीत असता तर सरासरी किती आली असती, तेही काढून बघितलं: २.४. म्हणजे मी त्या दिवशी बावीस पावलं गेलो नसतो, तर पुढे काहीच घडलं नसतं.

धातू मोजला तरी जिवांना खरोखर काय होतं ते बघायची आमची आणखी एक चाचणी आहे. चिखल बरणीत घालायचा, वर स्वच्छ पाणी, आणि त्यात डासासारख्या माशीच्या वीस अळ्या सोडायच्या. दहा दिवस ठेवायच्या. मग चाळून जिवंत किती ते मोजायचं. मध्यातल्या चिखलाच्या बरणीत अठरा निघाल्या. कोपऱ्याच्या बरणीत तीन. त्या तीनही हलत होत्या म्हणून जिवंत म्हणायच्या. ती चाचणी मी आयुष्यात शेकडो वेळा लावली असेल. दहा दिवसांचा आकडा मला आधी कधी खटकला नव्हता. या वेळी रोज सकाळी बरण्यांपाशी जाऊन उभा राहत होतो आणि कोणता दिवस आहे ते मनात म्हणत होतो.

आता प्रश्न होता की त्या कोपऱ्यातली माती कुठे कुठे गेली. ट्रॅक्टर चालवणारा माणूस सडकेवरच्या चहाच्या टपरीवर भेटला. माझ्याच वयाचा, कानात बिडी खोचलेला. त्याला तो कोपरा चांगला आठवत होता.

"तिथे यंत्राचे दात खडखड वाजत होते, सार. गाळात कसले दगड, म्हणून आम्ही हसत होतो. अकरा खेपा निघाल्या त्या कोपऱ्यातून. दीड दिवस."

"नक्की अकरा?"

"खेप मोजून डिझेल मिळतं. बायकोचं नाव विसरेन, खेप विसरत नाही."

मी कोणते दगड ते सांगितलं तेव्हा त्याने चहा खाली ठेवला आणि कानातली बिडी काढून खिशात घातली. त्याने एकेक जागा सांगितली. आत्याचं परस एक. बाकीची शेतं, दोन केळीच्या बागा, एका घराचं अंगण. तो सांगत होता तशी मी लिहून घेत होतो. दहा झाल्या.

"आणि अकरावी?"

तो टोपी काढून डोकं खाजवत राहिला. "ती शेवटची. संध्याकाळ झाली होती. गावाबाहेर एकाने हात केला, इकडे टाक म्हणाला. घराच्या मागे टाकली. त्याने सोडा पाजला. कुठलं गाव, सार, तेव्हा कोण बघतं? कालव्याच्या कडेने गेलो होतो, एवढं नक्की."

कालव्याच्या कडेने गावं किती, ते त्याला माहीत होतं आणि मलाही.

दहा जागा सापडायला दगडांनीच मदत केली. ट्रॅक्टरवाल्याने दोन शेतं चुकीची सांगितली होती. तिथे पसरलेला गाळ मऊ, एकही खडा नाही, आणि तपासला तर चांगला निघाला. शेजारच्या बांधावर मात्र शेतकऱ्याने वैतागून वेचून टाकलेले गोल दगड होते. जिथे दगड, तिथे आकडा वर. एकदाही चुकलं नाही. चोवीस वर्षांत इतकी खात्रीची खूण मला कुठल्या यंत्राने दिली नव्हती. मी बांधावर वाकून दगड उचलायचो, पिशवीत ठेवायचो, मग माती घ्यायचो.

लोक काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एकाने माझाच कागद घरातून आणला आणि माझ्या नाकासमोर धरला. "ही सही कोणाची?"

"माझी."

"मग तेव्हा झोपला होतास की आता झोपलास?"

"तेव्हा."

त्यावर कुदळ घेऊन तो स्वतःच माझ्याबरोबर माती खरवडायला लागला. दोघा शेतकऱ्यांनी भाताचं रोप लावून टाकलं होतं. एकाने उपटलं, एकाने नाही म्हटलं. त्याचा भात तपासायचं ठरलं आहे. खरवडलेली माती सडकेजवळ जाड प्लास्टिक घातलेल्या खड्ड्यात झाकून ठेवली. आत्याचा अहवाल आला, त्यात काळजीचं काही नव्हतं. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी परत यायला सांगितलं. ती म्हणाली, "बघ, अळीपेक्षा मी चिवट."

पिशवीतले दगड एकूण एकेचाळीस भरले. आत्याच्या बरणीवरचा धरून. ते तळ्यात परत टाकणं शक्य नव्हतं. तिरुवैयारुला नदीत सोडू, असं तिने ठरवलं. मी म्हणालो, आधी धुवायला हवेत. त्यांना चिकटलेला चिखल नदीत जाता कामा नये. म्हणून ते मी प्रयोगशाळेत नेले आणि तीन पाण्यांनी, मऊ ब्रशने, एकेक करून धुतले. तिसऱ्या पाण्याचा आकडा काढला, मगच थांबलो. काळं पाणी आमच्या विषारी कचऱ्याच्या पिंपात ओतलं. बाई दारातून बघून निघून गेल्या. एकेचाळीस दगड पांढऱ्या फडक्यावर वाळत ठेवले. त्यातला एक माझ्या हातातून गेलेला असेल किंवा नसेलही. तो कदाचित अजून पायऱ्यांखाली असेल, किंवा अकराव्या खेपेत असेल. प्रत्येक दगड उचलताना मी वजनाचा अंदाज घेत होतो. एकोणीस वर्षांपूर्वीचं वजन हाताला आठवत नाही.

नदीवर आत्या बसने आली. पायरीवर उभी राहून ती एकेक दगड माझ्या हातात देत गेली, मी पाठ करून मागे टाकत गेलो. आवाज मोजले. चाळीस झाले. एकेचाळीसावा टाकल्यावर काहीच ऐकू आलं नाही. सडकेवर बसचा भोंगा वाजत होता.

"चल, मागे बघू नको," आत्या म्हणाली.

मी वळून बघितलं. पाण्यावर वर्तुळं होती, किती ते सांगता येण्याजोगं नव्हतं. आत्याने डोळे मिटून घेतले, जसं काही तिने मला बघताना पाहिलंच नाही.

सुधारलेला अहवाल मी लिहिला तेव्हा शेवटी एक ओळ घातली: "अकरापैकी एक खेप सापडलेली नाही." बाईंनी विचारलं, ही ओळ हवीच का, वाचणारा घाबरेल. मी म्हणालो, हवी. त्यांनी तशीच राहू दिली.

आता दर रविवारी मी मोपेड घेऊन कालव्याच्या कडेने जातो. गावं वहीत ओळीने लिहिली आहेत. बघून झालेल्या गावावर रेघ मारतो. घरांच्या मागे बघतो, कुंपणाच्या बुडाशी, केळीच्या आळ्यात, गोल दगड दिसतो का ते. लोकांना सांगतो की मी चिखल तपासतो. कोणी पाणी देतं, कोणी कुत्रं सोडतं. एका घरी पाट्यावर वाटण वाटायचा वरवंटा पालथा पडला होता, तो मी दगड समजून उचलायला वाकलो.

दरम्यान पहिलं पीक निघालं. त्या माणसाने मागच्या दारी काही लावलं असेल तर आतापर्यंत ते कोणाच्या तरी ताटात वाढलं गेलं असेल. त्या माणसाला गोल दगडही सापडला असेल. चांगला जड दगड, टाकून कोण देतं? कशावर तरी ठेवला असेल.

गेल्या रविवारी परत आलो तेव्हा बायको दारात होती. ती आता सापडलं का म्हणून विचारत नाही, फक्त माझ्या हातातल्या पिशवीकडे बघते. पिशवी रिकामी होती. मी मोपेड आत घेतली आणि वही काढून आणखी दोन गावांवर रेघ मारली.

"किती राहिली?" तिने आतून विचारलं.

"चौदा," मी म्हणालो. मग थांबून सांगितलं, "अंदाजे."